टीआर ६चं मागचं सस्पेन्शन : नवे पार्ट मागवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. १९७३ची ट्रायम्फ टीआर ६. मागून बसल्यासारखी दिसते. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्ले गेलेत. क्लच सोडला की खालून ‘ठक्’ असा आवाज येतो आणि वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी मागून क्षणभर हिसका देते. त्यात डावा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) काढायला गेल्यावर सहापैकी दोन स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) आटे घेऊनच बाहेर आले. आता एवढं उघडलंच आहे, तर बुटक्या कडक स्प्रिंगा, पॉलियुरेथेनचे बुश (सांध्यातल्या गाद्या) आणि मूळच्या, दांडीने चालणाऱ्या लिव्हर डॅम्परऐवजी ट्यूबचे शॉकॲब्सॉर्बर असं सगळं एकदमच बसवून मोकळं व्हावं का?

नको. स्टड सुटले ते एका अर्थी बरंच झालं, निदान गाडी थांबली. तुमच्या चार तक्रारींचं मूळ बहुधा चार वेगळ्या ठिकाणी आहे, आणि मागवायच्या यादीतल्या तीन वस्तूंपैकी स्प्रिंगा सोडल्या तर बाकीच्या दोन्हींचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. हे मी पुस्तकी सांगत नाही. अशाच एका गाडीला मी हौसेने कडक स्प्रिंगा आणि पॉली बुश बसवून दिले होते. ‘ठक्’ आवाज गेला नाही, उलट वाढला. पंधरा दिवसांनी गाडी परत आली तेव्हा कळलं, की डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) पुढचा ब्रॅकेट चासीपासून निम्मा फाटला होता. मऊ बुश त्याला जे काही झेलू देत होते, तेही मी काढून घेतलं होतं. नवे पार्ट पुन्हा उतरवून वेल्डिंग करावं लागलं आणि त्या मजुरीचं बिल अर्थातच मी लावलं नाही.

आधी या गाडीची मागची मांडणी डोळ्यांसमोर आणा. टीआर मालिकेत मागची स्वतंत्र चाकं आली ती १९६५च्या टीआर ४ए या मॉडेलपासून. मांडणी ट्रायम्फ २००० या सलून गाडीच्या धर्तीवर होती. अमेरिकेत तर हीच टीआर ४ए अखंड मागच्या ॲक्सलसहही विकली जायची. पुढे टीआर ५ आणि टीआर ६ने १९७६मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तीच मांडणी चालवली. प्रत्येक बाजूला ॲल्युमिनियमचा ओतीव सेमी-ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाक मागे धरणारा तिरका हात. त्याची पुढची दोन टोकं चासीच्या तिरक्या आडव्या मेंबरला, इंग्रजी ‘यू’सारख्या दोन ब्रॅकेटांतून बुशवर टांगलेली. आर्मच्या मधोमध स्प्रिंगची वाटी, मागच्या टोकाला सहा स्टडवर हब. डिफरन्शियल मधे, चार पिनांवर रबरात बसवलेलं. तिथून सरकत्या स्प्लाइनच्या (एकमेकांत सरकणाऱ्या दातांच्या) हाफ शाफ्टने ताकद चाकाला जाते. मुळात २१३८ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनासाठी केलेल्या या मांडणीवर नंतर २४९८ सीसीचं सहा सिलिंडर इंजिन आलं. डिफच्या ब्रॅकेटांची कुरकुर तिथून सुरू होते.

म्हणून पहिला हात तिथेच घाला. गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना ओट, मागून चासी भक्कम घोड्यांवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. एक लांब पहार डिफच्या नाकाखाली घालून हळूच वर रेटा आणि चासीवरच्या पुढच्या दोन पिना जिथे वेल्ड केल्यात तिथे बॅटरीचा झोत मारा. रबर दबलं तर ठीक. पिनेच्या बुडाशी पत्रा श्वास घेतल्यासारखा उघडमीट करत असेल, किंवा वेल्डच्या कडेने तांबूस भुकटीची बारीक रेघ दिसत असेल, तर तडा गेलाच म्हणून समजा. बहुतेक वेळा पहिली जाते ती उजवी पुढची पिन. गाडी पुढे जोर घेते तेव्हा चाकांच्या प्रतिक्रियेने डिफचं नाक वर उचललं जातं. त्याच वेळी इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा पीळ डिफची उजवी बाजू वर ढकलतो. दोन्ही जोर एकाच कोपऱ्यात जमा होतात. क्लच सोडताना येणारा ‘ठक्’ शंभरातल्या बऱ्याच गाड्यांत इथला असतो, उरलेल्यांत क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा.

तडा सापडला तर वरून वेल्डची एक रेघ ओढून भागत नाही. डिफ उतरवायचा, रंग आणि गंज खरवडून शुद्ध पत्रा उघडा करायचा, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो पुढे धावणार नाही असं बघायचं, मग वेल्ड आणि त्यावर पेटीसारखी बंद होणारी जाड पट्टी. उजवा फाटला असेल तर डाव्यालाही त्याच बैठकीत पट्टी घाला, डिफ पुन्हा उतरवायचा त्रास वाचतो. आणि एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती विसरलेली माणसं मी पाहिली आहेत : या गाडीची पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागे, म्हणजे जवळजवळ डिफच्या डोक्यावर आहे. टाकी आणि तिच्या नळ्या गाडीबाहेर काढल्याशिवाय मागे वेल्डिंगची ठिणगीही पाडायची नाही. रिकामी टाकी तर भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ कोंडलेली असते.

त्याच वेळी आर्म जिथे टांगलेत तो आडवा मेंबर आणि चासीच्या मधला टी-शर्टसारख्या आकाराचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद. तिथे पत्रा आतून खाल्लेला असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट कितीही आवळा, टो (वरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते) आज लावलेला उद्या राहणार नाही.

आता स्टड. इथे जरा थांबतो, कारण या गाडीत सगळ्यात जास्त घाईगर्दीची कामं इथेच झालेली दिसतात.

हबचं बेअरिंग हाउसिंग, ब्रेकची बॅकप्लेट आणि आर्म हे तीन थर या सहा स्टडनी एकत्र धरलेले असतात. चाकावरचा सगळा भार, वळणातला आडवा जोर, ब्रेकचा पीळ सगळं इथून जातं. स्टडची आर्ममध्ये जाणारी बाजू ५/१६ इंच यूएनसी, म्हणजे इंचाला १८ जाड आटे, कारण ॲल्युमिनियमला जाडच आटे सोसतात. नटाची बाजू यूएनएफ, इंचाला २४. नटाला टॉर्क लागतो तो जेमतेम २० न्यूटन-मीटरच्या आसपास. वाचून हसू येतं, एवढ्या मोठ्या कामाला एवढासा टॉर्क. म्हणूनच लांब दांडीचा पाना घेऊन ‘अजून थोडं’ आवळणाऱ्या प्रत्येक हाताने हे आटे थोडे थोडे ओढून काढलेले असतात. वर ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्टड पन्नास वर्षं ओल खात बसला की आट्यांची पांढरी भुकटी होते. स्टड फिरत नाही, आटेच घेऊन बाहेर येतो.

दोन गेलेत ना, मग बाकीच्या चारांवरही विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंचे बाराच्या बारा काढा. ‘बाकीचे घट्ट आहेत’ या भरवशावर मी एकदा चार सोडले होते, त्यातला एक शेवटच्या पाव फेऱ्यात गेला, तेव्हा सगळं पुन्हा जुळवून झालं होतं.

एक मोह आधीच मोडून काढतो. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे आठ मिलिमीटरचा मेट्रिक स्टड हाताने दोन-तीन फेरे सहज जातो. मग अडतो, कारण त्याच्या आट्याचं अंतर १.२५ मिलिमीटर आणि आर्ममधल्या आट्याचं १.४१. पुढे पाना लावला की उरलेसुरले आटेही गेले. आर्मच्या भोकांत मेट्रिक ठोकलेली गाडी मी दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा ‘चांगला घट्ट बसलाय की’ हेच ऐकलंय.

दुरुस्तीचे खरे मार्ग तीन. पहिला, तारेच्या गुंडाळीचा इन्सर्ट, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात. नीट बसवला तर तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतो, कारण भार मोठ्या व्यासावर पसरतो. दुसरा, भरीव भिंतीचा पोलादी इन्सर्ट, टाइमसर्टसारखा. भोक आधीच वेडंवाकडं झालं असेल किंवा पुढे वारंवार उघडायचं असेल तर मला हा जास्त आवडतो. तिसरा, आर्ममध्ये ३/८ इंचाचे नवे आटे पाडून पायरीचा स्टड घालायचा : आर्मच्या बाजूला जाड, नटाच्या बाजूला मूळ मापाचा. झटपट होतं. पण ॲल्युमिनियम कापलं जातं ते कायमचं, आणि पुढच्या वेळी इन्सर्ट घालायला भिंतच उरत नाही. म्हणून माझा क्रम पहिला किंवा दुसरा, तिसरा शेवटचा उपाय.

मार्ग कुठलाही असो, यश-अपयश ठरतं ते भोक काटकोनात पडलं की नाही यावर. आर्म गाडीवर ठेवून हातातल्या ड्रिलने, मान वाकडी करून हे काम होत नाही. आर्म काढा, टेबलावर घ्या, हब बसतो तो तळ वर आणि सपाट. शक्य असेल तर खांबाच्या ड्रिलवर. ते नसेल तर एक जाड पोलादी पट्टी घेऊन शेजारच्या दोन शाबूत स्टडवर बसेल अशी भोकं पाडा आणि तिसऱ्या भोकात ड्रिलच्या मापाचं मार्गदर्शक बुश घाला. एक स्टड अर्धा मिलिमीटर तिरका झाला तर हाउसिंग आत सरकत नाही. मग लोक हाउसिंगचं भोक मोठं करतात आणि चुकीवर चूक चढते. टॅप मारताना रॉकेल किंवा कटिंग तेल भरपूर, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. ॲल्युमिनियमचा किस टॅपला चिकटला की पुढचा आटा फाटलाच. किस हवेने फुंकून टाका, भोक सॉल्व्हंटने धुवा, मग इन्सर्ट. दोन धातू एकमेकांना पुन्हा खाऊ नयेत म्हणून इन्सर्टला आणि स्टडला गंजरोधक पेस्टचा पातळ हात. नट नेहमी नवे, आपोआप सैल न होणारे. आवळताना समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, आणि टॉर्क पान्याचं ‘टिक’ ऐकलं की तिथे थांबा.

हब उघडाच आहे, तर तो हातात घेऊन फिरवा. खरखर, घरघर असेल तर बेअरिंग गेलं. पण ते तुम्ही घरी बदलू नका. हबची फ्लँज शाफ्टच्या टेपरवर चावीसकट इतकी घट्ट बसलेली असते, की साधा पुलर वाकतो आणि हातोडा मारला तर शाफ्टचं टोक मश्रूमसारखं पसरतं. आत बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) ठरवणारा दबणारा स्पेसर असतो, तो एकदाच वापरायचा. खास पुलर आणि या हबचा अनुभव असलेल्याकडेच द्या. जुन्या हबचे शाफ्ट थकून टेपरपाशी तुटल्याची आणि चाक गाडी सोडून गेल्याची उदाहरणं या गाडीत आहेत. गाडी जोरात चालवायचा विचार असेल तर तुमच्या यादीतल्या तिन्ही वस्तूंच्या आधी नव्या, मजबूत हबवर खर्च करणं शहाणपणाचं.

पाय उचलल्यावर बसणाऱ्या हिसक्याचं मूळ बहुधा हाफ शाफ्टमध्ये आहे. चाक वर-खाली होतं तेव्हा शाफ्टची लांबी बदलायला हवी, म्हणून त्यात सरकती स्प्लाइन दिलेली आहे. जोर लागलेला असताना त्या स्प्लाइनच्या दातांतलं घर्षण इतकं वाढतं, की ती सरकायची थांबते आणि गाडीचा मागचा भाग त्या उंचीला अडकतो. पाय उचलला, पीळ गेला, स्प्लाइन सुटली, मागचा भाग एकदम जागेवर आला. त्या क्षणी कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाकाचा झुकाव) आणि टो दोन्ही बदलतात आणि तुम्हाला हिसका जाणवतो. चांगल्या हाफ शाफ्टमध्येही हे थोडं होतंच. ग्रीस वाळलेला, रबरी गेटर फाटलेला, दातांना पायरी पडलेली असेल तर मात्र ते भीतीदायक होतं. शाफ्ट वेगळा करण्याआधी दोन्ही भागांवर पंचाने खूण करा. दोन टोकांचे क्रॉस एकमेकांच्या रेषेत यायलाच हवेत, एक दात चुकला तरी थरथर सुरू होते. दात धुऊन पाहा. नखाला पायरी लागली तर शाफ्ट बदला. नसेल तर मॉलिब्डेनमचं ग्रीस, नवा गेटर, आणि हाताने सरकवून बघा, अडकता कामा नये. सीव्ही जॉइंटचे शाफ्ट मिळतात आणि ते हा आजार मुळातूनच घालवतात. पण चांगला जुना शाफ्ट असताना रस्त्यावरच्या गाडीला ते हवेतच असं मी म्हणणार नाही.

आर्म काढतानाची एक सूचना इथेच देतो. हाफ शाफ्टचे डिफकडचे चार बोल्ट आणि डॅम्परचा लिंक सोडला की आर्मखाली जॅक धरून तो सावकाश खाली न्या, स्प्रिंग मोकळी होते. पण त्याआधी ब्रेकचा होज सोडलेला हवा. आर्मचा भार होजवर लटकला की तो बाहेरून ठीक दिसतो आणि आतून फाटतो. हातब्रेकच्या केबलचंही तेच.

बुश. जुने रबरी बुश काढताना आर्मच्या डोळ्याला गॅसची ज्योत लावू नका. पोलादी आर्मला चालतं, इथे ओतीव ॲल्युमिनियम मऊ पडतं. मधल्या नळीतून ड्रिलने रबर भुगा करा, मग बाहेरची नळी करवतीच्या पात्याने आतून जपून चिरून दाबून काढा. प्रेस असेल तर उत्तमच. नवे कुठले घालायचे? रस्त्यावर, लांबच्या प्रवासाला गाडी नेणार असाल तर चांगल्या प्रतीचं रबर किंवा मऊ दर्जाचं पॉली. नायलॉन किंवा डेलरिनसारखे कडक बुश मी या मांडणीत टाळतो. कारण आर्मचे दोन्ही डोळे एका अक्षावर असायला हवेत, पण कॅम्बर लावण्यासाठी ब्रॅकेट बदलले की तो अक्ष किंचित मोडतो. रबर ते पोटात घालतं, कडक प्लास्टिक अडून बसतं. आर्म हाताने वर-खाली करताना जड लागला तर समजा, की तुमचं सस्पेन्शन आता स्प्रिंगवर नाही, बुशच्या घर्षणावर उभं आहे.

बसवण्याच्या पद्धतीत फरक आहे. रबरी बुशमधली नळी रबराला चिकटवलेली असते आणि आर्म हलतो तेव्हा रबरच पिळलं जातं. म्हणून त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, नेहमीच्या उंचीला, शेवटी आवळायचे. आर्म लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि वर्षभरात फाटतं. पॉलीमध्ये नळी मोकळी फिरते, तिथे हा नियम नाही. पण नळी बुशपेक्षा केसभर लांब आहे ना हे मोजून बघा, नाहीतर ब्रॅकेट नळीऐवजी बुशलाच चिमटतो. ग्रीस सिलिकॉनचं, सोबत आलेलं. साधं नको.

ब्रॅकेट काढण्याआधी फोटो काढा, आणि प्रत्येक ब्रॅकेटमागे किती शिम (पातळ पट्ट्या) होते ते त्या ब्रॅकेटलाच दोऱ्याने बांधून ठेवा. या ब्रॅकेटांच्या कडेला खाचा असतात : एक, दोन किंवा तीन. खाचांच्या संख्येवरून बोल्टच्या भोकाची उंची ओळखायची. तेच ब्रॅकेट उलटं बसवलं की उंची आणखी बदलते. आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं की चाकाचा माथा आत झुकतो, म्हणजे कॅम्बर निगेटिव्हकडे जातो. तुमच्या टायरची आतली कड खाल्ली गेली, त्याचं एक कारण आधीच्या कुणीतरी ब्रॅकेटांची अदलाबदल केली हे असू शकतं. दोन्ही बाजूंच्या खाचा आणि त्यांची दिशा जुळत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. शिम मात्र टो ठरवतात. ते आर्मचं एक टोक पुढे-मागे करतात आणि वरून पाहिलं तर आर्म थोडासा वळतो. शिम कुठल्या टोकाला घातल्यावर टो कुठे जातो हे पाठ करत बसू नका. एक शिम हलवा, मोजा, कळेल.

एक गैरसमज. निगेटिव्ह कॅम्बर एकटा टायर इतक्या लवकर खात नाही. टो चुकलेला असेल तर टायर रस्त्यावर सतत घासत चालतो, आणि कॅम्बरमुळे ते घासणं आतल्या कडेवर एकवटतं. टो नीट असताना दीड-दोन अंशांच्या कॅम्बरवरही टायर समाधानकारक चालतात. म्हणून मागच्या चाकांचा टो मोजल्याशिवाय नवे टायर घालू नका.

स्प्रिंगा. बसलेली स्प्रिंग म्हणजे आर्म कायम वर उचललेला, आणि सेमी-ट्रेलिंग आर्म वर गेला की कॅम्बर आपोआप निगेटिव्ह होतो. म्हणजे ज्या दुखण्याने टायर खाल्ले तेच दुखणं तुम्ही बुटक्या स्प्रिंगा घालून विकत घेणार. आधी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत उंची मोजा. फरक असेल तर स्प्रिंग काढून मोकळी लांबी आणि वर-खालचे रबरी बैठक तुकडे बघा. कित्येकदा स्प्रिंग शाबूत असते, चुरा झालेला असतो तो रबराचा.

तरीही बुटकी हवीच असेल तर हा हिशेब करा. स्प्रिंग आर्मच्या मधे आहे, चाक टोकाला. समजा बुशपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ०.६ पटीवर स्प्रिंग आहे. मग स्प्रिंग बसलेल्या अवस्थेत १० मिलिमीटर बुटकी झाली की गाडी जवळजवळ १७ मिलिमीटर खाली येते. आणि चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या कडकपणाच्या ०.३६ पट, म्हणजे गुणोत्तराचा वर्ग. इंचभर बुटकी स्प्रिंग मागवली आणि गाडी चार सेंटिमीटरहून जास्त बसली, बंपस्टॉपवर (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबरावर) आपटायला लागली, अशी तक्रार इथूनच येते. जुनी स्प्रिंग कापणं हा तर आणखी आंधळा उपाय. आठ चालत्या वेढ्यांतला एक कापला तर उरलेली आठास सात, म्हणजे सुमारे १४ टक्के कडक होते, उंची जाते ती वेगळी, आणि कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही. माझं मत : मूळ उंची, मूळपेक्षा थोडी कडक, आणि पुढच्या स्प्रिंगांशी जुळणारी. मागे एकट्यालाच कडक केलं तर गाडी वळणात मागून सैल होते, आणि मागून सैल होण्याची हौस या गाडीला आधीच आहे. मागच्या अँटी-रोल बारबद्दलही मी हेच म्हणेन.

उरले डॅम्पर. लिव्हर डॅम्परला लोक उगाच शिव्या घालतात. लिंक सोडा, लिव्हर हाताने पूर्ण वर, पूर्ण खाली सावकाश न्या. विरोध दोन्हीकडे जड आणि सलग लागला तर डॅम्पर चांगला आहे. मधे एखादी पोकळ जागा लागली तर तेल कमी, आत हवा. डॅम्परचं तेल भरा, इंजिन ऑइल नको. दहा-बारा वेळा हलवून हवा काढा, पुन्हा बघा. शाफ्टच्या सीलपाशी ओलं असेल तर ते पुन्हा गळणार, तज्ज्ञाकडून ओव्हरहॉल करून घ्या. व्हॉल्व्ह थोडा कडक करूनही मिळतो. लिंकची रबरं आणि डॅम्पर चासीला धरणारे दोन बोल्ट आधी बघा, सैल बोल्टवरचा नवा डॅम्परही खडखडच करतो.

ट्यूबच्या डॅम्परला माझा तात्त्विक विरोध नाही. अडचण असते ती ब्रॅकेटची. काही किटमध्ये डॅम्परचं वरचं टोक चाकाच्या कमानीच्या आतल्या पत्र्याला पकडलेलं असतं, आणि तो पत्रा असा भार घेण्यासाठी केलेलाच नाही, वर्षा-दोन वर्षांत त्याला तडे जातात. चासीवरच्या मूळ डॅम्परच्या जागी पकडणारं किट घ्या, आणि ब्रॅकेट पुढे झुकून पीळ देत नाही ना ते पाहा. बसवल्यावर स्प्रिंग न घालता आर्म जॅकने बंपस्टॉपपर्यंत उचला. तिथे पोचेपर्यंत डॅम्परमध्ये थोडी चाल उरलीच पाहिजे. डॅम्परच बंपस्टॉप झाला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात एक तर तो फुटेल किंवा ब्रॅकेट.

तेव्हा क्रम असा लावा : चासी आणि डिफच्या पिना, मग आर्मचे आटे, मग हब आणि हाफ शाफ्ट, मग बुश, स्प्रिंगांची बैठक रबरं, आहे तेच डॅम्पर तपासून. एवढं करून गाडी खाली उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे टायर आणि सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. दोन्ही सीटवर प्रत्येकी ७० किलोच्या आसपास वजन ठेवा आणि मग मोजा. गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणलेले दोन समांतर दोरे आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर एवढ्यावर टो काढता येतो. रिम स्वतःच वाकडी असू शकते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून दुसऱ्यांदा मोजा आणि सरासरी घ्या. मागच्या चाकांना टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत) शून्य ते दीड मिलिमीटर, टो-आउट (त्या कडा बाहेर) कधीच नाही. दोन्ही चाकांचा टो गाडीच्या मध्यरेषेशी सारखा हवा. नुसती बेरीज बरोबर आली म्हणून भागत नाही, नाहीतर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

मग दोन-तीनशे किलोमीटर चालवा. हबचे बारा नट, आर्मच्या ब्रॅकेटांचे बोल्ट आणि हाफ शाफ्टचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. एखादा नट फिरतच राहिला तर आवळत बसू नका, तो इन्सर्ट पुन्हा करायचा. ‘ठक्’ गेला असेल, हिसका कमी झाला असेल आणि तरी गाडी वळणात फार लवंडते असं वाटलं, तर तेव्हा स्प्रिंगांची यादी बाहेर काढा आणि मोजलेल्या उंचीचे आकडे सोबत कळवा. कडकपणा किती हवा ते त्या आकड्यांवरून सांगता येईल.